वरची रांग

तिने पायरीवर बसून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. नाडी सैल झालेली नव्हती.

"काय झालं?" वरून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. नाडी."

"अगं, कालही तेच. दुहेरी गाठ मार ना."

"मारते."

तिने दुहेरी गाठ मारली. मग दुसऱ्या पायाचीही तपासली. तपासून झाल्यावरही ती वाकलेलीच राहिली. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हाताचा अंगठा जबड्याखाली. वरून त्याला फक्त तिचा भांग दिसत होता.

स्टेडियम रिकामं होत आलं होतं. धावणारी पोरं पिशव्या उचलून गेली होती आणि खाली रखवालदार जाळी गुंडाळत होता. सिमेंटच्या बाकांच्या रांगा एकीवर एक चढत गेलेल्या. अगदी वरच्या रांगेत सामन्यांच्या दिवशीही कुणी बसत नसे. तिथून मैदान लांब पडायचं, आणि पाठीमागे वळलं की भिंतीपलीकडचा रस्ता थेट पायाखाली दिसायचा.

"चल, उठ. थोडंच राहिलं," तो म्हणाला, आणि टाळ्या वाजवल्या. पोरांसाठी वाजवायचा तशाच.

ती उठली.

तो शाळेत खेळ शिकवायचा आणि संध्याकाळी इथे पोरांची तयारी करून घ्यायचा. पोरं त्याला पाठीमागे 'शिट्टी सर' म्हणत. ते त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. घाम निघाला की निम्मी दुखणी अंगाबाहेर पडतात, असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरलं होतं. परीक्षेची धास्ती, घरातली भांडणं, कुणाकुणाचे प्रेमभंग, सगळं त्याने मैदानाला फेऱ्या मारायला लावून ताळ्यावर आणलं होतं. मग घरातल्याच माणसाच्या बाबतीत हात टेकायचे कशाला?

ती बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. काचेच्या लहानशा केबिनमध्ये माइकपुढे बसायची, आणि सगळं स्थानक तिच्या आवाजावर चालायचं. रस्त्यात अनोळखी माणसं तिचं बोलणं ऐकून थबकत आणि विचारत, "तुम्ही त्या गाडीवाल्या बाई ना?" घरीही ती कधीकधी त्याच आवाजात हाक मारायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, जेवण फलाटावर लागलेले आहे. उशीर झाल्यास थंड मिळेल." तो हसत हसत हात धुवायला जायचा.

हे कधी बंद झालं, त्याला नेमकं सांगता आलं नसतं. खोलीतला पंखा बंद पडावा आणि बऱ्याच वेळाने उकाडा जाणवावा, तसं ते त्याच्या लक्षात आलं. ती कमी बोलायला लागली. मग कमी जेवायला लागली. पहाटे जाग आली की भिंतीकडे तोंड करून डोळे उघडे ठेवून पडलेली दिसायची. का, असं विचारलं की म्हणायची, "कारण असतं तर सांगितलं असतं." आणि मग एका सकाळी स्थानकावरून फोन आला. तिने माइक सुरू केला होता आणि काही न बोलता तशीच बसून राहिली होती. स्थानकभर नुसता तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं. माणसं सामान खाली ठेवून वर बघत उभी राहिली होती म्हणे.

तेव्हापासून ती रजेवर होती. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि उठता उठता म्हणाले, "थोडं चालणंही ठेवा." त्याच संध्याकाळी तो तिच्यासाठी बूट घेऊन आला. गोळ्यांनी ती नुसती पेंगते असं त्याला वाटायचं. डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख हुकली, मग त्यापुढचीही. चालणं मात्र एक दिवस चुकलं नाही. सपाटीवरून सुरुवात झाली, आणि महिन्याभरात तो तिला पायऱ्यांवर घेऊन आला.

*

तिची थोरली बहीण भेटायला आली ती हातात डबा घेऊन. तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. माणसाकडे बघताना तिची नजर आधी खांद्यावर जायची, मग चेहऱ्यावर. या वेळी ती चेहऱ्यावरच थांबली.

"ही अशी का बसलीय?"

"कशी?" त्याने विचारलं.

"पाठ धरून. आणि तोंडाचा रंग बघा की. राख फासल्यासारखा."

"दमलीय, ताई. आज निम्म्याच्या वर चढली."

"भाऊजी, कुणाला दाखवलं का?"

"सगळ्यांना दाखवलं." त्याने खुर्ची पुढे ओढली. आपण काय काय केलं हे सांगायला त्याला बरं वाटत होतं. "दाढ दुखते म्हणाली, दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दाढा ठणठणीत. पाठ म्हणाली, धाप लागते म्हणाली, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधीची फाईल उघडली, दोन पानं वाचली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, हे सगळं इथून येतंय." त्याने कपाळाला बोट लावलं. "पित्ताची गोळी दिली. ताकदीचं औषध दिलं."

"तपासलं नाही?"

"ब्लडप्रेशर घेतलं ना."

"म्हणजे तिला दुखतच नाही, असं म्हणणं आहे का त्यांचं?"

"दुखतं हो. पण मनाचं दुखतं."

"मनाचं दुखत असेल तर जबडा कशाला धरते?"

तो हसला. थोरलीला नाही हसू आलं. तिने बहिणीकडे वळून पाहिलं. त्या दोघांचं बोलणं चालू असताना ती टेबलावरच्या डब्याच्या झाकणाकडे बघत होती, कुणा तिसऱ्याच बाईची गोष्ट चालल्यासारखी.

"मी बरी आहे, ताई," ती म्हणाली.

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्यांना तेच ऐकायचं असतं हे तिचं तिला उमगलं होतं, आणि तिने ते हाताशी तयार ठेवलं होतं.

"बघा," तो म्हणाला. "सुधारतेय ती."

हे त्याचं वाक्य होतं. शाळेत, शेजारी, फोनवर, कुणीही विचारलं की तो हेच सांगायचा. सांगता सांगता ते त्याला खरं वाटायला लागलं होतं.

*

आणि मग ती खरोखरच सुधारली.

एके दिवशी तो शाळेतून आला तर ती दारापाशी स्टुलावर बसलेली होती. पायात बूट, केस नीट विंचरलेले. एरवी तिला उठवण्यात, समजावण्यात, दाराबाहेर काढण्यात त्याचा अर्धा जीव जायचा.

"चल," ती म्हणाली.

त्याने चहासुद्धा घेतला नाही. रस्ताभर तो बोलत राहिला आणि ती मान हलवत राहिली. स्टेडियमच्या फाटकातून आत शिरल्यावर ती म्हणाली, "आज वरपर्यंत जाऊ या."

"झेपेल?"

"जाऊ या."

त्या दिवशी ती नाडी बांधायला थांबली नाही. कठड्याला हात न लावता, मान खाली घालून, एकेक पायरी चढत राहिली. वरच्या रांगेत पोचली तेव्हा तिच्या ओठांवर घाम डवरला होता. बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ती डोळे मिटून बसली. तोंड पांढरं पडलं होतं, पण त्यावर कितीतरी महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं. शांतपणा, असं त्याला वाटलं.

"कसं मोकळं वाटतंय ना?"

तिने उत्तर द्यायला वेळ लावला. श्वास आधी यायला हवा होता.

"हो," ती म्हणाली. "इथे आलं की काहीच वाटत नाही."

त्याने ते कौतुक म्हणून घेतलं आणि समोर पसरलेल्या मैदानाकडे अभिमानाने पाहिलं, जणू ते त्यानेच तिच्यासाठी बांधून घेतलं होतं.

त्यानंतर रोज तसंच. तो यायच्या आधी ती तयार. घरातही तिने हात फिरवला. माळा झाडला, कपाट रिकामं केलं, डब्यांवर आत काय आहे त्याच्या चिठ्ठ्या लावल्या. "तुला सापडत नाही ना काही," असं म्हणाली. स्थानकावर जाऊन केबिनमधली आपली उशी आणि कप घेऊन आली. बहिणीला बोलावून चांगल्यातल्या साड्या देऊन टाकल्या.

थोरलीने रात्री जेवणाच्या वेळेला फोन केला. "भाऊजी, ही मला साड्या का देतेय?"

"आवराआवर चाललीय. किती दिवसांनी उत्साह आलाय तिला."

"लग्नातलीसुद्धा दिली."

"ताई, तुम्ही उगाच शंका काढता. चांगलं लक्षण आहे हे."

थोरली म्हणाली, "घेतल्यात मी. पण घडी मोडणार नाही."

फोन ठेवून त्याने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. ती ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. एक घोट प्यायची, पेला खाली ठेवायची, हाताची मूठ दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर नेऊन दाबायची, आणि पुन्हा पेला उचलायची. त्याची चाहूल लागली तशी तिने मूठ खाली घेतली.

"काय म्हणते ताई?"

"काही नाही. तुझी चौकशी."

"सांग, बरी आहे म्हणून."

"सांगितलं."

*

त्या दिवशी मैदानावर पोरांची निवड चालू होती. गर्दी होती. एका मुलीचे वडील त्याला धरून बसले होते. मुलीला का वगळलं, कुणाच्या सांगण्यावरून वगळलं, पुढच्या वर्षी तरी घेणार का. त्याचं निम्मं लक्ष त्यांच्याकडे, निम्मं घड्याळाकडे. ती शेजारी उभी होती.

"मी होते पुढे," ती म्हणाली.

"हळू जा. आलोच मी."

तिने त्याच्या दंडाला हात लावला. नुसता टेकवला आणि काढून घेतला. मग ती गर्दीतून वाट काढत पायऱ्यांकडे गेली.

मुलीच्या वडिलांना उत्तर देता देता त्याची नजर वर गेली. ती चढत होती. नेहमीपेक्षा वेगात. त्याला आधी बरंच वाटलं. काय सुरेख पाऊल पडतंय, सरळ पाठ, कुठे अडखळणं नाही. मग त्याच्या बोलण्यातला शब्द मध्येच राहिला.

त्याने आयुष्यभर धावणारी माणसं पाहिली होती. कुणी जिंकायला धावतं, कुणी कुणापासून तरी पळतं, आणि कोण काय करतंय ते त्याला पावलांवरून कळायचं. तिचं चढणं या दोन्हींत बसत नव्हतं. दमलेलं शरीर कुठेतरी हिसका देतं, हात मागतं, पाय टाकायला नको म्हणतं. नीट पाहिलं तेव्हा तिचं शरीरही ते सगळं करताना दिसलं. पाय लटपटत होते, खांदा एका बाजूला ओढला जात होता. पण ती ऐकत नव्हती. आडमुठ्या जनावराला ओढत न्यावं तसं ती स्वतःला वर ओढत नेत होती.

"अगं!" तो ओरडला. गोंगाटात आवाज पोचला नाही.

त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन वाजवली.

सगळं मैदान थांबलं. धावपट्टीवरची पोरं जिथल्या तिथे उभी राहिली. पालक गप्प झाले. रखवालदार हातातला दोर घेऊन बघत राहिला. त्या सगळ्या पसाऱ्यात एकटी तीच हलत होती, वर, आणखी वर. वरच्या रांगेच्या अलीकडे तिचा हात छातीशी गेला. तिने आणखी एक पाऊल उचललं. ते खाली टेकलं की नाही हे त्याला दिसलं नाही, कारण तोवर ती दोन बाकांच्या मधल्या जागेत दिसेनाशी झाली होती.

तो धावला. आपण किती वेगाने धावू शकतो हे तो विसरून गेला होता.

*

हृदयविकाराच्या डॉक्टर उंच, बारीक चणीच्या, थोड्या घोगऱ्या आवाजाच्या बाई होत्या. बंद झालेली रक्तवाहिनी त्यांनी वेळेत उघडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या, यंत्रावरच्या रेषा पाहिल्या, आणि घाईने निघून न जाता कॉटपाशी स्टूल ओढून बसल्या. तो भिंतीशी उभा होता.

"आधी दुखायचं का?" त्यांनी तिला विचारलं.

"हो."

"पण तिने छातीत दुखतं असं कधीच," तो म्हणायला लागला. डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"कुठे दुखायचं?"

तिने जबड्याला हात लावला. मग मान जराशी मागे केली. "पाठीत. दोन खांद्यांच्या मध्ये."

"छातीत?"

"शेवटी शेवटी."

"कधी यायचं?"

"पायऱ्या चढताना. थांबलं की जायचं."

"हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"नाडी बांधायला बसायचे ना. तेव्हा लक्षात आलं."

त्याला राहवलं नाही. "मग सांगितलं का नाहीस मला?"

तिने डोळे त्याच्याकडे वळवले. त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

दाढ. पाठ. धाप. एकेक शब्द त्याच्या डोक्यात येऊन उभा राहिला. तिने सांगितलं होतं. एकदा नाही, सगळीकडे सांगितलं होतं. ते ऐकून सगळ्यांनी तिच्या कपाळाकडे बोट दाखवलं होतं, आणि सगळ्यात आधी त्याने.

"बरं," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "कुणी ऐकलं नाही. त्यानंतर?"

ती छताकडे बघू लागली. यंत्राची हिरवी रेघ वर जात होती, खाली येत होती.

"त्यानंतर मी थांबायचं सोडून दिलं."

डॉक्टरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. नाडी बघायला नव्हे, ती तर पडद्यावर दिसतच होती. मग मागे वळून त्या त्याला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

तो बाहेर येऊन थांबला. शेजारून स्ट्रेचर गेलं, फरशी पुसणारी बाई गेली, कुणीतरी त्याला कॅंटीन कुठे आहे म्हणून विचारलं आणि त्याने चुकीच्या दिशेला हात दाखवला. रोज दारापाशी बूट घालून बसलेली ती त्याला दिसत होती. आपण किती खूश व्हायचो. आपण तिचा हात धरून न्यायचो.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी दार पूर्ण लावलं नाही.

"हृदयाचं जे करायचं होतं ते काल झालं," त्या म्हणाल्या. "ते त्यातल्या त्यात सोपं होतं. मानसोपचाराच्या डॉक्टरांना आजच वर बोलावलंय. ते येईपर्यंत आणि पुढेही यांना एकटं ठेवायचं नाही."

"तिने मुद्दाम..." तो म्हणाला.

"ते यांच्याकडूनच कळेल, हळूहळू. कदाचित यांनाही पुरतं माहीत नसेल. पण एक लक्षात घ्या. मन खूप दिवस खचलेलं राहिलं की हृदयावर त्याचा भार येतो. झोप नाही, जेवण नाही, शरीर आतल्या आत सतत ताणलेलं. आणि असा झटका येऊन गेला की मन आणखी खचतं. घरी गेल्यावर माणूस गोळ्या घेईनासा होतो. अशी माणसं आमच्याकडे परत येतात, किंवा येत नाहीत. दोन्ही दुखणी एकाच माणसाला असतात, पण आम्ही डॉक्टर वेगवेगळ्या मजल्यांवर बसतो."

"मीच नेत होतो तिला. रोज."

"चालणं वाईट नव्हतं. आधी एकदा कुणीतरी नीट तपासायला हवं होतं. ते आमच्यापैकी कुणीतरी करायचं होतं." त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "आत जाऊन त्यांना धीर वगैरे देऊ नका. नुसते बसा."

तो आत गेला, पण बसला नाही. बसायचं कसं ते त्याला कळेना. तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपलेली नव्हती. इतक्या वर्षांत तेवढं त्याला ओळखता येत होतं.

संध्याकाळी थोरली आली. हातात थर्मास, खांद्याला पिशवी, आणि वाटेत कुठेतरी रडून घेऊन नीट पुसलेला चेहरा. दारातूनच तिने आवाजात उसनं बळ आणलं.

"काय गं, बरी आहेस ना आता?"

तिने डोळे उघडले. सवयीने ओठ हलले. "मी बरी..."

"नाही," तो म्हणाला.

दोघी बहिणी त्याच्याकडे बघायला लागल्या. त्याचा स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. त्या आवाजात ना टाळ्या होत्या, ना शिट्टी.

"बरी नाहीये ती, ताई. बरेच दिवस नाहीये."

थोरलीने थर्मास खाली ठेवला. खिडकीबाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा जवळ आला आणि फाटकाशी येऊन बंद झाला. कॉटवर ती त्याच्याकडे एकटक बघत होती, त्याने पुढे आणखी काही जोडायची वाट बघत असल्यासारखी. पण नेहमीचं पुढचं वाक्य, सुधारतेय वगैरे, या वेळी आलंच नाही.

मग तिने सुई टोचलेला हात जपून उचलला आणि अंग थोडंसं भिंतीकडे सरकवलं. कॉटच्या कडेला हातभर जागा झाली. ती त्याच्यासाठी होती, ताईसाठी होती, की नुसतीच कूस बदलायची होती, हे त्याला कळलं नाही.

"इथे बसू?" त्याने विचारलं.

तिच्या उत्तरासाठी तो उभा राहून थांबला.